मागच्या खोलीतली डबी

२ डिसेंबर

“एकटेच राहता?” — दुसराच प्रश्न हा! पहिला होता, आत येऊ का.

विद्यापीठातून आली होती पोरगी. नाव सांगितलं तिने, पण मी विसरलो, आणि परत विचारायची लाज वाटली. मोजणीच्या डब्या लावून गेली, म्हणून डबीवालीच म्हणतो. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, काखेत कागदांचा गठ्ठा. वयाने आमच्या लेकीएवढी, फार तर दोन वर्षांनी लहान. उंच इमारतींमधल्या घरांत रेडॉन किती साचतो ते मोजतायत म्हणे. आमच्या बावीस मजल्यांतली तीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. अकरा जणांनी तोंडावर दार लावलं. मी कशाला लावतोय? महिन्याभरात वाजलेली पहिली बेल ती!

हो, एकटाच — म्हटलं. तिने फॉर्मवर १ लिहिलं. बरोबरच आहे.

रेडॉन म्हणजे एक वायू. ना रंग, ना वास, ना चव. मी म्हटलं, म्हणजे आमच्या सेक्रेटरीच्या भाषणासारखा. खळखळून हसली! माझ्या विनोदाला माणूस हसून किती दिवस झाले कोण जाणे. टीव्ही काही हसत नाही.

जमिनीतून येतो, दगडातून येतो. म्हणून सगळ्यांना वाटतं तळमजल्यावाल्यांनीच घाबरायचं. पण सिमेंट, वाळू, लादी हेही शेवटी जमिनीतूनच आलेलं. भिंतीतून थोडा थोडा निघत राहतो. हवा खेळती असली तर जातो उडून. खिडक्या बंद ठेवल्या की साचतो, मग सतरावा मजला असो नाहीतर विसावा.

आणि साचला तर काय होतं, मी विचारलं.

“बरीच वर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, काका. सिगरेट न ओढणाऱ्या माणसालासुद्धा.”

सिगरेट न ओढणाऱ्या माणसालासुद्धा!

मी खुर्ची ओढून बसलो. तिला वाटलं गुडघा दुखतोय. पाणी आणू का म्हणाली. माझ्याच घरात मला पाणी विचारते.

३ डिसेंबर

काल पुढचं लिहवेना. आज लिहितो.

ही — माझी बायको — गेली त्याला दोन वर्षं आणि एक महिना झाला. फुप्फुसाचा कॅन्सर. जन्मात तिने सिगरेट हातात धरली नाही. धरली मी. बत्तीस वर्षं, रोजच्या वीस. पण घरात नाही! एकदासुद्धा नाही. थंडी असो, वारा असो, गॅलरीत उभा राहून ओढायचो. एवढं कोण करतं?

दवाखान्याच्या जिन्यात लेक म्हणाली, “तुमच्या धुराने आई गेली, बाबा.” ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, भांडलो असतो, आणि मिटलं असतं. आमच्याकडे भांडणं तशीच मिटायची. पण ती अगदी हळू म्हणाली. सगळं आटोपल्यावर बॅग उचलून आपल्या गावी गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. अधूनमधून मेसेज टाकतो, दोन निळ्या खुणा येतात. म्हणजे वाचते. त्या खुणांवर मी दिवस काढतोय.

सिगरेट मी त्याच दिवशी सोडली. बैल गेला आणि झोपा केला.

तर डबी. तिने दोन बसवल्या, एक हॉलमध्ये, एक मागच्या खोलीत. बुटाच्या पॉलिशची असते तेवढी, काळी. वायर नाही, दिवा नाही, टिकटिक नाही. आत नखाएवढी प्लॅस्टिकची चकती. वायूचे कण तिच्यावर आदळले की ओरखडे पडतात, डोळ्यांना न दिसणारे. नव्वद दिवसांनी डबी न्यायची, चकती औषधात बुडवायची आणि ओरखडे मोजायचे. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी. वजनं तपासली, मापं तपासली, कापडाचे गज तपासले. ओरखडे मोजणारं खातं पहिल्यांदाच पाहिलं!

मागच्या खोलीत कोण झोपतं, तिने विचारलं. आता कोणी नाही, आधी बायको — म्हटलं. तिने तेवढंच लिहून घेतलं.

जाताना बजावून गेली. डबीला हात लावायचा नाही, जागा बदलायची नाही, रोज राहता तसंच राहायचं, मुद्दाम काही वेगळं करायचं नाही. कोणाला सांगते बाई! मी जन्मभर दुकानदारांना हेच सांगत फिरलो.

ही वहीसुद्धा खात्याचीच, तपासणी नोंदवही. निवृत्त होताना चार कोऱ्या घरी आणल्या होत्या (चोरीच ती). शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मोकळा सोडायची सवय नाही.

शेरा: दोन डब्या बसवल्या. सील ठीक.

५ डिसेंबर

शंभरच्या आत आकडा आला तर बरं, तीनशेच्या वर गेला तर काहीतरी करायला हवं — असं म्हणाली होती ती. कसले शंभर नि कसले तीनशे ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. तीनशे तेवढं शिरलं.

सरळच लिहितो, इथे कोण वाचायला बसलंय. मला आकडा मोठा हवा आहे. भिंतीत असेल तर मी सुटलो. कागदावर छापून येईल, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. तो कागद लेकीला पाठवीन. माझं ऐकत नाही, शिक्क्याचं तरी ऐकेल.

६ डिसेंबर

तीनशे.

९ डिसेंबर

मागच्या खोलीची खिडकी उघडी असते. ही गेल्यापासून मीच उघडी ठेवतो, नाहीतर औषधांचा वास येतो, का मला भास होतो देव जाणे. हिच्या वेळी मात्र ती खिडकी कायम बंद. ही दिवसभर तिथेच शिवणाच्या मशीनवर बसलेली, लोकांचे कपडे शिवत, आणि खिडकी ठार बंद.

मग खरं माप कुठलं? आजचं की तेव्हाचं? मला तेव्हाचं हवंय. तेव्हा होती तशी खोली ठेवायची, ह्यात खोटं काय आहे?

सकाळी खिडकी बंद केली.

१० डिसेंबर

फटीतून वारा येत होता. चिकटपट्टी लावली, चारी बाजूंनी. दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवला.

एक तेलवाला होता. पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला सापडला. “साहेब, वाऱ्याने काटा हलतो म्हणून लावलाय हो!” मी त्याला सगळ्या बाजारासमोर झापलं होतं — मापात पाप करतोस आणि वाऱ्याचं नाव घेतोस? म्हातारा होता. हात जोडत होता.

आज मी चिकटपट्टी लावताना स्टुलावर उभा राहून हेच पुटपुटत होतो, वारा येतो, वारा येतो.

शेरा नाही.

१४ डिसेंबर

दुपारी मागच्या खोलीतच आडवा झालो. आता रोज तिथेच झोपायचं ठरवलं. पुढच्या खोलीत तरी कोण वाट बघतंय माझी! इथे निदान डबी आहे.

ह्या खोलीत मी तेवीस वर्षांत एक रात्र झोपलो नव्हतो. ह्या घरात आलो तेव्हा लेक सहा वर्षांची. एकटीला झोपायची भीती वाटायची तिला, म्हणून ही तिच्याजवळ झोपायला लागली, ती कायमची तिथलीच झाली. वर म्हणायची, तुमच्या घोरण्यापेक्षा पोरीच्या लाथा बऱ्या. अंगाला सिगरेटचा वास येतो असंही म्हणायची, पण ते हळू.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. प्रत्येक वाढदिवसाला उंची मोजायचो. मीच मोजायचो, पट्टी डोक्यावर आडवी धरून — खात्याचा माणूस ना! खुणेशेजारी लिहिलेलं, पावशेर. लेकीचं घरातलं नाव. सातव्या महिन्यात झाली, एवढीशी. दाई म्हणाली, जगेल पण जपा. मी म्हटलं, ही तर पावशेर! तेच राहिलं. कॉलेजात गेली तरी मैत्रिणींसमोर मी पावशेर म्हणून हाक मारायचो आणि ती चिडून लाल व्हायची. मोठेपणी पावशेरचा दुसरा, दारूचा अर्थ कळला तेव्हा तर आठवडाभर बोलली नाही.

आठवडाभर! तेव्हा केवढं वाटलं होतं.

२० डिसेंबर

कोणाशी बोललो नाही. दूधवाल्याला “उद्या एकच” म्हणालो, ते धरलं तर दोन शब्द.

२८ डिसेंबर

लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. ढेरी आधी आत आली, मग ते. “तुम्ही डब्या लावून घेतल्यात म्हणे? उद्या आकडा वाईट आला तर बिल्डिंगचं नाव खराब होईल, कळतंय का? लोक उगाच हाय खातील.” मी म्हटलं, वाईट आला तर बरंच होईल. त्यांनी असं पाहिलं, जणू म्हाताऱ्याचा एक स्क्रू ढिला झालाय. नवव्या मजल्यावर उतरले. त्यांचा फ्लॅट चौदाव्यावर आहे.

७ जानेवारी

डबीवाली मध्येच येऊन टपकली! शेजारच्या विंगमधल्या एका घरातली डबी पडून फुटली, ती बदलायला आली होती. जाता जाता म्हटलं काका कसे आहेत बघू — असं म्हणाली. मी चहा केला. साखर जास्त पडली. दोन कपांचं माप विसरलोय.

मागची डबी ठीक आहे ना, एकदा बघू का? मी दारासमोरच उभा राहिलो. पसारा आहे, म्हटलं. तीही बरं म्हणाली. ज्या दुकानदाराने असं गोदामाचं दार अडवलं त्याला मी कधी सोडलं नव्हतं. ही पोर भाबडी.

मी विचारलं, हा वायू छातीत जाऊन करतो तरी काय? तर म्हणाली, तो स्वतः फारसं काही करत नाही काका, श्वासाबरोबर आत जातो तसा बाहेरही येतो. पण तो मोडतो, आणि त्याच्यातून दुसरे कण जन्मतात, घन. ते धुळीला चिकटतात, छातीत जाऊन बसतात, आणि बाहेर निघत नाहीत. खरा घात ते करतात. आमच्यात त्यांना रेडॉनच्या लेकी म्हणतात.

“काय म्हणतात?”

“लेकी. जुना शब्द आहे.”

एवढी शिकलेली माणसं, आणि ह्यांना दुसरा शब्द मिळाला नाही! बाप येतो नि जातो, लेकी छातीत बसतात. हे मला विद्यापीठाने सांगायला नको होतं.

मग ती आणखी एक बोलली, ते मला आवडलं नाही. धूर आणि रेडॉन एका घरात असले तर दोघं मिळून जास्त वाईट. आणि एखाद्या माणसाला नेमकं कशामुळे झालं, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी म्हटलं, बाई, आम्ही काटा मारणाऱ्याला छातीठोकपणे सांगायचो.

ती म्हणाली, “तो काटा होता, काका.”

१९ जानेवारी

लेकीला पत्र लिहायला घेतलं. मेसेज नको, पत्र. आकडा आला की कागदाबरोबर पाठवायचं.

प्रिय पावशेर, तुझ्या आईला ह्या घराच्या भिंतींनी मारलं, मी नाही.

एवढं लिहिलं आणि रडू आलं. चांगलं दणदणीत रडलो. दार-खिडक्या बंद असल्याचा हा एक फायदा.

३ फेब्रुवारी

डोकं जड. खोलीत कोंडल्यासारखं होतं. होऊ दे. आता महिनाच राहिला.

११ फेब्रुवारी

आज हिचा वाढदिवस. लेकीने केला असता फोन, निदान आज — असं दुपारपर्यंत वाटत होतं. मीच केला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला.

मशीनवरची धूळ पुसली. सुईत अजून निळा दोरा आहे.

२ मार्च

नव्वद दिवस भरले. पहाटेच उठून चिकटपट्टी काढली. निघता निघेना, गोंद राहिलाच. नखं काळी झाली. टॉवेल धुवायला टाकला. चोरी करायला वेळ लागत नाही, पुसायला लागतो!

दहाला डबीवाली आली. डब्या काढल्या, पाकिटात घातल्या, नंबर टाकले, माझी सही घेतली. “ह्या काळात खिडक्या नेहमीसारख्याच होत्या?” — असा रकाना होता. मी हो म्हटलं. खिडकीच्या चौकटीवरच्या गोंदाकडे तिची नजर गेली, असं मला वाटलं. बोलली काही नाही. तीन आठवड्यांनी कळवते म्हणाली.

ती गेली आणि भिंतीवर डबीच्या जागी एक खिळा राहिला. तिचीसुद्धा सवय झाली होती, डबीची.

शेरा: खोटी सही. एकतीस वर्षांत पहिली.

१५ मार्च

अजून काही नाही. देव पाण्यात घालून बसलोय.

२४ मार्च

आला! आला! हॉल ७०. मागची खोली ३८०.

तीनशे ऐंशी!!

कागद हातात घेऊन घरभर फिरलो. हिच्या फोटोसमोर उभा राहून मोठ्याने वाचून दाखवला, शिक्क्यासकट. बघ, म्हटलं, बघ, मी नव्हतो! मग स्वतःशीच हसलो, मग अंडी उकडली, मग खायची विसरलो. दोन वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं.

पत्र पुरं केलं. उद्या टाकतो.

२५ मार्च

पत्र टाकलं नाही.

सकाळी पाकिटावर पत्ता लिहायला बसलो आणि तो तेलवाला आठवला. पडताळणी झाल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आणि पोरीला मी कोणता कागद पाठवतोय? मेण लावलेला. उद्या तिला कळलं तर? नाही कळलं तरी मला माहीतच आहे.

डबीवालीला फोन केला. सगळं सांगून टाकलं, खिडकी, चिकटपट्टी, टॉवेल, खोटी सही. एका दमात.

ती रागावली नाही. “चांगलं नाही केलंत, काका,” एवढंच म्हणाली. ते रागावण्यापेक्षा वाईट.

मी विचारलं, मग आकडा खोटा ठरला? तर म्हणाली, तुमच्या आजच्या राहणीचा म्हणून खोटा. आमच्या यादीतून काढावा लागेल. पण काकूंच्या वेळी ती खिडकी बंदच असायची म्हणता ना? मग तेव्हा ह्याच्या आसपासच असणार.

माझा जीव भांड्यात पडला. किती वेळ? तेवढ्यात तिने साधाच प्रश्न विचारला.

“पण खिडकी बंद का असायची?”

मी तोंड उघडलं, आणि उत्तर आलं तेव्हा मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. ती खिडकी गॅलरीत उघडते. गॅलरीत मी ओढायचो. धूर आत येऊ नये म्हणून ही बंद करायची. एकवीस वर्षं, ही होती तोवर.

एकदासुद्धा घरात ओढली नाही!

मग तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. “काका, फॉर्मवर त्या खोलीत फक्त काकूंचं लिहिलंय. आणखी कोणी झोपायचं तिथे? किती वर्षं?”

लेक, म्हटलं. सहाव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत. शिकायला बाहेर गेली तोवर. अठरा वर्षं.

ती पुढे बरंच बोलली. लगेच काही होतं असं नाही, घाबरवू नका, पण त्यांना कळवा, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ देत. आणि ती खिडकी आजच्या आज उघडा. हो, हो, म्हणालो. फोन ठेवल्यावर पाहिलं तर पाकीट हातात तसंच. पत्त्यात तिचं नाव अर्धंच लिहून झालेलं.

२६ मार्च

वही मागे चाळली. १४ डिसेंबर. माझ्याच अक्षरात, स्वच्छ लिहिलंय — लेक सहा वर्षांची, ही तिच्याजवळ झोपायला लागली. उंचीच्या खुणासुद्धा लिहिल्यात. लिहिलं मी, वाचलं मी, आणि दिसलं नाही! लोकांच्या वह्यांतली एक ओळ माझ्या नजरेतून सुटायची नाही.

नव्वद दिवस देव पाण्यात घालून बसलो होतो. कशासाठी? माझ्या पोरीच्या छातीत विष निघावं म्हणून! तीनशे ऐंशी आला तेव्हा अंडी उकडली मी. आनंदाने!

भिंतीने की धुराने — आता कोण विचारतंय. भिंत मी बांधली नाही, पण खिडकी माझ्यामुळे बंद होती. आणि आत दोघी होत्या.

पत्र फाडलं.

२७ मार्च

सकाळपासून तीनदा फोन केला. उचलला नाही. शेवटी मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी गेला तो असा —

“मागच्या खोलीत एक वायू सापडला आहे. त्याने छातीला अपाय होतो. खिडकी बंद असायची त्यामुळे साचला. खिडकी माझ्या सिगरेटमुळे बंद असायची. तू त्या खोलीत अठरा वर्षं झोपलीस. डॉक्टरांना दाखव. मला उत्तर देऊ नकोस, पण दाखव. विद्यापीठाच्या बाईंचा नंबर खाली देतो. — बाबा”

पावशेर लिहिलं नाही. तो हक्क राहिला नाही असं वाटलं.

निळ्या खुणा आल्या. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी.

२८ मार्च

काही नाही.

डबीवालीचा फोन आला होता, खिडकी उघडलीत ना? उघडली, म्हटलं. आणखी एक खोटं. उघडून कोणासाठी? त्या दोघी ज्या हवेत निजल्या त्यात मी निजतो. तेवढं तरी करतो.

२९ मार्च

काही नाही. चौकटीवरच्या खुणा मोजल्या. अठरा.

३१ मार्च

सकाळी दात घासत होतो, फोन वाजला. लेक! तोंडात फेस, थुंकायचंसुद्धा सुचेना. हॅलो नाही, कसे आहात नाही.

“माझी तपासणी गुरुवारी आहे, ते राहू दे. बाबा, तुम्ही कुठल्या खोलीत झोपता?”

मागच्या, म्हटलं.

“आणि खिडकी?”

बंद, म्हटलं.

“उठा. आधी ती उघडा. मी फोन धरून आहे.”

गोंदाने घट्ट बसली होती. खांदा लावला, दोन्ही हातांनी ओढली, वेळ लागला. तिने फोन ठेवला नाही.